‘हाऊंडसाठी खास’ म्हणून घेतलेली बाटली

आमची हरणी ग्रेहाऊंड, शर्यतीच्या जातीची कुत्री. वजन २८ किलो, चरबी नावाला नाही, फासळ्या लांबून मोजाव्यात. घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, “कुत्रीला खायला घालत नाही होय?” हे आधीच सांगतोय, कारण मला गाठणाऱ्याने गाठलं ते तिच्या या अंगकाठीवरूनच.

पाऊस सुरू झाला आणि तिला पिसवा झाल्या. चावून चावून शेपटीच्या बुडाशी केस गेले. अंथरुणावर वाळलेल्या तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी पडलेलं दिसू लागलं. आमच्या निपाणी भागात जुनी माणसं अशा वेळी तंबाखूचं पाणी लावायला सांगतात. तेही करू नका, निकोटीन विषच आहे आणि कुत्रं अंग चाटल्याशिवाय राहत नाही.

जनावरांच्या बाजारात कासरे, वेसणी, घुंगरमाळांच्या रांगेत एकजण पोतं अंथरून बसलेला. हरणीला बघितल्याबरोबर म्हणाला, “पावणं, हाऊंड न्हवं का? दुकानातलं काय लावू नका तिला. लई नाजूक जात. हे हाऊंडसाठी खास हाय, शर्यतवाले हेच नेत्यात बघा.”

मी तिथंच ढिला पडलो, कारण त्यातलं अर्धं खरं होतं. ग्रेहाऊंडला भुलीची काही इंजेक्शनं उतरायला फार वेळ लागतो, ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची (पिकांवर फवारतात त्यातली) कीटकनाशकं तर या कुत्र्यांना लावूच नयेत, हे मी वाचलेलं होतं. या माणसालाही ते ठाऊक आहे म्हटल्यावर तो मला जाणकार वाटला.

मग त्याने खेळ दाखवला. हरणीच्या पोटाखाली पांढरं फडकं धरलं, शेपटीच्या बुडाशी चार थेंब चोळले. पाच मिनिटांत पिसवा फडक्यावर. भोवती जमलेले म्हणाले, “आयला, पडल्या की!” कफ सिरपची जुनी तपकिरी बाटली, दीडशे रुपये, सहा महिने बघायला नको. जंतासाठी वर्तमानपत्राच्या पुडीत चार पांढऱ्या गोळ्या, चाळीस रुपये. लेबल कुठं आहे विचारलं तर म्हणाला, “लेबल आलं की टॅक्स आला, मग हजाराला पडतंय.” आणि हे मला पटलं! कारकुनीत जन्म गेला माझा, बिनसहीचा कागद कधी टेबलावर ठेवून घेतला नाही.

संध्याकाळी त्याने सांगितल्याप्रमाणे मानेपासून शेपटीपर्यंत पाठभर चोळलं. तासाभरात हरणीच्या तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी. मांडीची कातडी आतून कुणी बोटं फिरवावीत तशी थरथरत होती. उठायला गेली आणि मागचे पाय फाकले. जागेवरच मुतली. बायकोने बाटली नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली. “अहो, वास तरी घेतलात का? फवारणीचं औषध आहे हे!”

रात्री दहाला शेजाऱ्याच्या ओम्नीत घालून निपाणीला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात टॉर्च मारली. बुबुळाचं छिद्र मोहरीएवढं. “अण्णा, शेतीचं विष चोळलंय तुम्ही,” एवढंच बोलले आणि त्या विषावरचा उतारा, ॲट्रोपीन, भरायला घेतलं. कंपाउंडरने हातमोजे घालून तिला साबणाने दोनदा धुतलं. दोन रात्री सलाईन, ४,६०० रुपये. पिसवा मेल्या त्यात नवल नव्हतंच. विषाने त्या मरणारच. माणसाला फसवायला याहून पक्का पुरावा कुठला?

गोळ्यांची पुडी डॉक्टरांनी न उघडताच बादलीत टाकली. कण्या म्हणजे पट्टकृमीचे तुकडे, त्यांनी सांगितलं. त्या जंताची पिल्लं पिसवेच्या पोटात असतात आणि कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं. म्हणजे पिसवा राहिल्या तर जंत परत येणार, गोळी कितीही चांगली असली तरी.

हरणी सावरल्यावर काट्यावर वजन करून प्राझिक्वांटेल, पायरँटेल, फेबँटेल असलेली जंताची गोळी दिली. दहा किलोला एक, म्हणून तीन. पिसवांसाठी फिप्रोनिलची थेंबाची ट्यूब, २० ते ४० किलोच्या कुत्र्याची, २.६८ मिलीची. खांद्यांमध्ये केस बाजूला करून कातडीवर सोडायची, आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध तिला लावायचं नाही. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं तर मांजराचा जीव घेतं. अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच, अंडी नि अळ्या अंथरुणात आणि फरशीच्या फटीत. म्हणून गोधडी दर आठवड्याला उकळत्या पाण्यात. सगळं मिळून मला सहाशेच्या आत पडलं. बॅच नंबर, एक्सपायरी, कुठल्या जनावरासाठी आणि किती वजनाला, हे छापलेलं नसेल ते औषध मी आता हातात घेत नाही. वजन करायला आणि चिठ्ठी लिहून घ्यायला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहेच.

पुढच्या बाजाराला गेलो. पोतं तिथंच, माणूस तोच. झालेलं सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “हाऊंड नाजूक जात, म्या आदीच बोल्लो हुतो की.” मग पोत्याखालून तसलीच तपकिरी बाटली काढली. “ही न्या. जरा सौम्य हाय.”