ओवळ्याचा शूटिंग फ्लोअर: कामगाराच्या बाजूने पाचपैकी चार

मी केशभूषाकार, सेटवरच्या भाषेत हेअरची ताई. घर कळव्याला. मालिकांच्या कामानिमित्त ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचे बरेच फ्लोअर (आत सेट लावून शूटिंग करायच्या बंदिस्त जागा) आणि शूटिंगचे बंगले बघून झालेत. ओवळ्याच्या आतल्या रस्त्यावरच्या या फ्लोअरवर गेल्या पावसाळ्यापासून एका डेली सोपसाठी येतेय. फ्लोअर आणि प्रॉडक्शन दोन्ही एकाच मालकांचं, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते. सेट किती मोठा, पार्किंग किती गाड्यांचं, हे बाकीच्यांनी आपापल्या अभिप्रायात लिहिलंय. मला सांगायचंय ते स्पॉटदादा (सेटवर चहा-पाणी, खुर्च्या बघणारे), लाइटदादा, ड्रेस, मेकअप, हेअर आणि ज्युनियर आर्टिस्ट (गर्दीत उभे राहणारे कलाकार) यांना इथे कसं वागवतात त्याबद्दल.

आधी पैशाचं, कारण आमच्या धंद्यात सगळं घोडं तिथेच पेंड खातं. मालिकांमध्ये 90 दिवसांनी पेमेंट हा रिवाजच पडून गेलाय. गणपतीत राबलेल्या दिवसांचे पैसे दिवाळी उलटून गेल्यावर हातात येतात, मधल्या काळात घरभाडं, मुलांची फी, रोजचा प्रवास सगळं उसनवारीवर. विचारायला गेलं की, "अगं, आपण सगळे एक कुटुंब आहोत, पैसे काय पळून जातायत का?" हे वाक्य मी फार ऐकलंय. असंच कुटुंब म्हणवणाऱ्या एका प्रॉडक्शनची मालिका अचानक बंद झाली आणि माझे दोन महिन्यांचे पैसे बुडाले ते बुडालेच. हातात लेखी काही नव्हतं, मग भांडणार कशाच्या जोरावर?

इथे पहिल्याच दिवशी, मेकअप रूममध्ये सामान लावायच्या आधी, प्रॉडक्शनच्या ताईंनी दोन पानांचा करार समोर ठेवला. मराठीत. दिवसाचा दर, शिफ्ट 12 तासांची, त्यात जेवणाची आणि चहाची सुट्टी किती, त्यापुढच्या तासाला दर काय, कन्व्हेयन्स म्हणजे प्रवासखर्च किती, शूटिंग आदल्या रात्री रद्द झालं तर अर्धा दर, आणि पेमेंट पुढच्या महिन्याच्या 15 तारखेला. वाचायला वेळ दिला. माझ्या हातात सहीशिक्क्याची प्रत दिली. लाइट आणि सेटिंगच्या दादांना तर दर शनिवारी थेट बँकेत पैसे जमा होतात. आजवर माझी 15 तारीख एकदाच चुकली, तीही मधे बँकेला सुट्टी आल्यामुळे, आणि तसा मेसेज आदल्या दिवशीच आला होता.

असा करार देणं म्हणजे काही उपकार नाहीत, हे नव्याने येणाऱ्या मुलींनी माहीत करून घ्यावं. लेखी कराराशिवाय सिने-कामगाराला कामावर ठेवायचं नाही, हे 1981 च्या कायद्यातच होतं. मात्र तो कायदा चित्रपटांपुरता, मालिकावाले त्यात बसत नव्हते. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत दृकश्राव्य कामगार अशी व्याख्या आली आणि त्यात टीव्ही मालिका, वेब सीरिज, रिअ‍ॅलिटी शो सगळे आले. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. म्हणजे आता मालिकेच्या सेटवरही करार मागणं हा आपला हक्क आहे. या लोकांनी तो संहिता लागू व्हायच्या आधीपासून दिला, म्हणून मला त्यांचं विशेष वाटतं.

आता टॉयलेटचं. कामगार बायकांसाठी सेट चांगला की वाईट, ते मी इथूनच ठरवते. मल्याळम सिनेमात बायकांना कसं वागवतात ते तपासणाऱ्या केरळच्या हेमा समितीचा अहवाल 2019 मध्ये सरकारला दिला गेला आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये लोकांसमोर आला. त्यात सेटवर बायकांना टॉयलेट नाही, कपडे बदलायला खोली नाही, हे स्पष्ट लिहिलंय. ते वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. आउटडोअरला आमच्या ज्युनियर आर्टिस्ट मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, जावं लागेल म्हणून. काही ठिकाणी व्हॅनिटी व्हॅनची (मेकअप-टॉयलेटच्या गाडीची) किल्ली मॅनेजरच्या खिशात असते आणि ती मागायला चार पुरुषांसमोरून जावं लागतं. इथे बायकांची चार टॉयलेट आहेत आणि कुणाची परवानगी लागत नाही. आतून नीट लागणारी कडी आहे. दाराच्या मागे दोन मोठे हुक आहेत, त्यावर नऊवारी उतरवून टांगता येते. बारीक गोष्ट वाटेल, पण भरजरी लुगडं ओल्या फरशीला न लागू देता एका हाताने सावरायचं म्हणजे काय, ते लग्नाच्या सीनला उभ्या राहिलेल्या बाईलाच विचारा. पॅड ठेवलेले असतात, झाकणाची कचऱ्याची बादली असते आणि ती रोज रिकामी होते. ज्युनियर आर्टिस्टना वेगळी खोली, तिला पंखा, आरसा आणि आतून कडी.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. आर्टिस्ट आणि युनिट सगळ्यांना एकच जेवण, एकाच टेबलावरून. उपवासवाल्यांची सोय आधी सांगितली की होते. पोळ्या मात्र दुपारी दोननंतर वातड.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते लहान मुलांच्या बाबतीत. आमच्या मालिकेत नातीचं काम करणारी चिमुरडी आहे. लहान मुलांना मालिकेत घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या सुधारित नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांवर विश्रांती, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम नाही आणि मुलाच्या कमाईतले निदान 20 टक्के त्याच्या नावाने मुदत ठेवीत. बहुतेक सेटवर हे नियम फाइलमध्ये पडून असतात. इथे मॉनिटरशेजारी पांढरा बोर्ड आहे. मुलगी आली की तिची वेळ त्यावर लिहितात आणि विश्रांतीची वेळ लाल पेनाने. एका संध्याकाळी आजीच्या आजारपणाचा सीन होता, मुलीचा रडतानाचा क्लोजअप बाकी होता आणि तिची वेळ साडेसहाला संपत होती. लाइट लागेपर्यंत सहा पंचवीस झाले. दिग्दर्शक म्हणाले, "दहाच मिनिटं, एकच टेक." मुलांवर लक्ष ठेवायला नेमलेल्या ताईंनी बोर्डाकडे बोट दाखवलं, "सर, उद्या घ्या," आणि मुलीला घेऊन गेल्या. मी तिच्या वेण्या सोडत होते, तोवर बाहेर आजीच्या बाजूचे शॉट सुरू झालेसुद्धा. क्लोजअप दुसऱ्या दिवशी सकाळी झाला, आणि ताज्या चेहऱ्याने मुलीने तो फार छान दिला. प्रेक्षकाला जोड कळलीही नसेल. ज्या ताईंनी दिग्दर्शकाला अडवलं, त्या आजही त्याच कामावर आहेत. माझ्या दृष्टीने ही त्या बोर्डाइतकीच मोठी गोष्ट आहे.

मेकअप रूमच्या दारावर अंतर्गत तक्रार समितीची नोटीस मराठीत आणि हिंदीत लावलेली आहे, त्यात नावं आणि फोन नंबर आहेत. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अशी समिती हवीच, असं कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा सांगतो. चित्रपटाच्या प्रत्येक युनिटलाही तो लागू आहे, असं केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते आणि दहापेक्षा कमी माणसांच्या युनिटसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. हे दोन्ही नोटिशीवर आहे, म्हणून आवडलं.

विजेच्या कामातही शिस्त आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबईत एका मालिकेच्या सेटवर कॅमेरा असिस्टंटचा विजेच्या धक्क्याने जीव गेला, तेव्हापासून आम्ही सगळे केबलकडे बघूनच पाऊल टाकतो. इथे पावसाचा सीन असला की आधी इलेक्ट्रिशियन सगळी कनेक्शन तपासतो आणि रजिस्टरमध्ये सही करतो, मगच पाणी सोडतात.

एक गुण का कापला, तेही लिहिते. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, संपली की इथलेही नियम डगमगतात. महाएपिसोडच्या आठवड्यात शिफ्ट पंधरा तासांवर गेली. जादा तासांचे पैसे करारातल्या दराने मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री अकराला पॅकअप आणि सकाळी सातचा कॉल (सेटवर हजर व्हायची वेळ), यात माणूस झोपणार कधी? पॅकअपनंतर बायकांना गाडीने घरापर्यंत सोडतात आणि ड्रायव्हरदादा दार उघडेपर्यंत थांबतात. बायकांना रात्री कामाला ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय हवी, असं नवी संहिताही सांगते. पण ती गाडी गायमुखहून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत अडकली की मानपाड्यालाच साडेबारा वाजतात. एका पॅकअपपासून पुढच्या कॉलपर्यंत निदान अकरा तास, एवढी एक ओळ त्या दोन पानांत वाढवा. मी ईपींना (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरना) हे तोंडी सांगितलंय, ते हो म्हणाले आहेत, पण करारात अजून आलेलं नाही.

दुसरं, तराफ्यावर (लाइट लावायला वर छताजवळ बांधलेल्या फळ्यांवर) चढणाऱ्या लाइटदादांसाठी सेफ्टी बेल्ट आणून ठेवलेत, पण घाई असली की ते खुंटीलाच राहतात. मे महिन्यात पत्र्याखाली वर किती तापतं ते खाली बसून कळत नाही. टेकच्या वेळी एसीही बंद असतो. घामाने निसरड्या झालेल्या हातांनी दादा वर लाइट फिरवत असतात. बेल्ट लावल्याशिवाय शिडीला हात लावू द्यायचा नाही, हे बघायला माणूस नेमा, जसा मुलांच्या वेळेसाठी नेमलाय.

इथे कामाला येणाऱ्यांसाठी: करार पहिल्याच दिवशी मागा, सांगावं लागणार नाही, पण राहिलाच तर मागा. प्रतीचा फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा. जादा तास त्याच रात्री व्हाउचरवर लिहून सही घ्या, दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि ठाणे स्टेशनहून येणार असाल तर सातच्या कॉलला साडेपाचला निघा, कापूरबावडीचा भरवसा नाही.