अ‍ॅम्प दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गाडीवाल्यांसाठी

कारचा असो की ट्रॅक्टरचा, स्पीकरचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प बंद पडला की आपल्याकडं दोनच सल्ले मिळतात, एक म्हणतो टाकून दे आणि नवीन क्लास डी (कमी करंट ओढणारा प्रकार) घे, दुसरा म्हणतो कोल्हापूरला ओळखीचा माणूस आहे तो करून देतोय. दोघांनीही अ‍ॅम्प उघडून बघितलेला नसतो. माझं सरळ मत आहे, अ‍ॅम्प किती जुना ह्यावर काही ठरत नाही, आत नेमकं काय गेलंय ह्यावर ठरतं, आणि ते बऱ्यापैकी घरातच कळतं, एक साधा मल्टिमीटर पाहिजे बस.

आधी अ‍ॅम्पच गेलाय का ते बघा की. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४. पण मोजायचं बॅटरीवर नाही, अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर, आणि तेही गाणं मोठ्यानं चालू असताना. तिथं व्होल्टेज ११ च्या खाली जात असेल तर दोष वायरचा, अर्थिंगचा नाहीतर बॅटरीचा. मग मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा अ‍ॅम्पच्या अर्थवर ठेवा, अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर बॉडीवरचा रंग घासून अर्थ नव्यानं आवळा. स्वस्त वायर बऱ्याचदा वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम असते, अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६० टक्क्यांच्या आसपासच, म्हणून त्यात जाड वायर लागते. रिमोट वायरवर (स्टिरिओ लावला की अ‍ॅम्प चालू करणारी बारीक वायर) १२ व्होल्ट येतंय का तेही बघून घ्या.

एवढं ठीक असेल तर स्पीकर आणि आरसीए (स्टिरिओचा सिग्नल आणणारी वायर) दोन्ही काढून फक्त प्लस, अर्थ, रिमोट ठेवायचं. प्रोटेक्टची (दोष असला की लागणारी) लाल लाईट विझली तर अ‍ॅम्प बहुतेक ठीक आहे, दारातली स्पीकर वायर कुठंतरी बॉडीला लागलीय. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात दारातले कनेक्टर हिरवे पडतात, ते आधी उघडा.

लाईट तशीच राहिली किंवा फ्यूज उडतोय तर दोष आत, आणि आता खरा निर्णय. रिमोट दिला नसतानाही प्लस लावल्या लावल्या फ्यूज उडाला तर सप्लायचे (१२ व्होल्ट वाढवून देणाऱ्या भागाचे) मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, शॉर्ट झालेत, नाहीतर कुणीतरी वायर उलटी लावल्यामुळं संरक्षणाचा डायोड गेलाय. रिमोट दिल्यावरच उडाला तर रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे डायोड) किंवा आउटपुटचे (स्पीकरला ताकद देणारे) ट्रान्झिस्टर बघायचे. पण सारखे फ्यूज घालून बघत बसू नका, मोठा फ्यूज तर अजिबात घालू नका, बोर्डाचा ट्रॅकच जळतो. फ्यूजच्या जागी हेडलाईटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावा, साधारण साडेचार अँपिअरच्या फारसा वर करंट जात नाही, बल्ब पूर्ण पेटून राहिला म्हणजे आत शॉर्ट आहे.

जुना जड क्लास एबी (जास्त करंट ओढणारा प्रकार) अ‍ॅम्प असेल आणि फक्त सप्लाय गेला असेल तर दुरुस्तीच करा, मी तर दुसरा विचारच करणार नाही. आत बहुतेक सप्लाय चालवणारी टीएल ४९४ आयसी, आयआरएफझेड ४४ किंवा आयआरएफ ३२०५ सारखे मॉस्फेट, एक टोरॉइड (कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर), सगळं मोठं आणि आरपार पायांचं, त्यामुळं साध्या सोल्डरिंगनं निघतं. अट एकच, जळालेला एकच मॉस्फेट बदलून चालत नाही, रांगेतले सगळे एका लॉटचे घालायचे, त्यांच्या गेटचे (कंट्रोलच्या पायाचे) रेझिस्टर तपासायचे, आणि हीटसिंकला लावताना खालचा अभ्रकाचा तुकडा (शॉर्ट अडवणारा) विसरायचा नाही. बाजारात नकली मॉस्फेट भरपूर आहेत, म्हणून कारागिराला पार्ट कुठून आणतो ते विचारा आणि जळालेले परत मागा.

आणि ऊसवाल्या ट्रॅक्टरच्या अ‍ॅम्पचं वेगळंच असतं. खड्ड्यात आवाज जातो, पुढं परत येतो, असं असेल तर टोरॉइडच्या आणि मोठ्या कपॅसिटरच्या पायांचं सोल्डर हादऱ्यानं तडकलेलं असतं, परत डाग मारला की झालं, ह्यासाठी नवीन घेणं म्हणजे पैसे वाया.

नवीन कधी घ्यायचा? आउटपुट, ड्रायव्हर (आउटपुटला सिग्नल देणारा भाग) आणि सप्लाय तिन्ही गेलेत, बोर्ड काळा पडलाय, किंवा अ‍ॅम्प बारीक पार्टचा स्वस्त क्लास डी आहे, तेव्हा. त्याला हॉट एअर (गरम हवेनं सोल्डर वितळवायचं यंत्र) लागतं, सर्किट डायग्राम मिळत नाही, आणि केलेलं टिकेल ह्याची खात्री कुणी देत नाही. क्लास डीचा फायदा मात्र खरा आहे, ५०० वॅटला एबी साधारण ६५ अँपिअर ओढेल तिथं हा ४२-४३ मध्ये भागवतो, ट्रॅक्टरच्या लहान अल्टरनेटरला हे फार महत्त्वाचं. पण डब्यावरच्या २००० वॅटवर जाऊ नका, फ्यूज बघा. ३० अँपिअर गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॅट आत जातात, त्यातले ८० टक्के धरले तरी बाहेर ३३० च येणार. सीईए २००६ (आता सीटीए २००६) ह्या मानकाप्रमाणे आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट, लिहिलंय का ते बघा, तो आकडा १४.४ व्होल्टवर, ४ ओहमला, १ टक्का डिस्टॉर्शनच्या आत मोजलेला असतो.

निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ, तिकडं द्यायला हरकत नाही. खानापूरवाल्यांनी आधी बेळगावातच दाखवावं, कारण दुरुस्तीत परत एकदा तरी जावं लागतंच, आणि हंगाम सुरू झाल्यावर ट्रॅक्टरचा अ‍ॅम्प घेऊन हिंडायला कुणाला वेळ असतो. सेकंडहँड घेणार असाल तर चालू करून अर्धा तास मोठ्या आवाजात ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुरुस्त होऊन आला की सब-वूफर लगेच जोडायचा नाही. स्पीकर टर्मिनलवर मीटर डीसीला ठेवून बघा, १०० मिलिव्होल्टच्या आत पाहिजे. व्होल्टात दाखवत असेल तर तसाच परत न्या, नाहीतर वूफरची कॉइल जळते.