घाटात गरम झाली की बंद पडणारी जुनी शंभर सीसी : उन्हाळा ते दिवाळीचा अनुभव

गाडी म्हणजे मोटरसायकल, २००५ ची, शंभर सीसी, फोर स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली, किकची. मायलेज आणि पिकअपवर लिहीत बसत नाही, ही गाडी महाराष्ट्रात घरटी कोणी ना कोणी चालवलेली आहे. कंपनीचं नावही मुद्दाम घेत नाही. वीस वर्षं रोज पळालेल्या गाडीतला एखादा भाग दमला तर तो कंपनीचा दोष नव्हे. लिहायचं आहे ते एका आजाराबद्दल आणि त्याच्या नावाखाली माझ्या खिशातून फुकट गेलेल्या पैशांबद्दल.

रोजचा रस्ता वाई ते पाचगणी, म्हणजे पसरणी घाट. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं तशी गाडी घाटाच्या वरच्या टप्प्यात बंद पडायला लागली. आचके नाहीत, फटफट नाही, चावी फिरवावी तशी एकदम बंद. किक मारून पाय भरून येतो तरी दाद नाही. सावलीत वीस-पंचवीस मिनिटं उभी केली की पहिल्या किकला चालू, आणि पुढे दिवसभर तक्रार नाही. उतारावर हे कधी झालं नाही, सकाळच्या गारव्यात झालं नाही, आणि गॅरेजच्या दारात तर अजिबात झालं नाही.

गॅरेजवाल्याचं पहिलं निदान कार्ब्युरेटर. कचरा आलाय म्हणाला, साफ करून दिला. पुन्हा बंद पडली, पुन्हा कार्ब्युरेटर, या वेळी जेटसकट (पेट्रोल मोजून सोडणारी आतली बारीक भोकाची नळी). मग प्लग. मग सीडीआय, म्हणजे ठिणगीचा करंट सोडणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा, तो बदलला, तोही डुप्लिकेट. जुना परत मागितला तर म्हणे, "काका, टाकून दिला तो." याचा राग अजून गेलेला नाही. बदललेला भाग मालकाच्या हातात द्यायचा असतो, तो चांगला असेल तर चार वर्षांनी उपयोगी पडतो. आणि माझा सीडीआय चांगलाच होता, हे पुढे कळलं. शेवटी म्हणाला, "काका, वय झालंय गाडीचं. ब्लॉक-पिस्टन करून टाका." तिथून मी गाडी घरी आणली. सायलेन्सरला धूर नाही, ऑइल कमी होत नाही, गरम असतानाही किकला पूर्ण दाब लागतो, अशा गाडीचं इंजिन अंदाजावर खोलायचं नाही.

आसपासच्या सगळ्यांचा संशय पेट्रोलवर होता. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरांना ते मानवत नाही. हे सगळं खरं आहे. पण पेट्रोल तुटलं की गाडी आधी मिसिंग करते, झटके देते, चोक ओढला तर थोडी सावरते आणि मग मरते. माझी एका क्षणात मरत होती. तरी खात्री करून घेतली. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं. झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत पोकळी धरते आणि पेट्रोल खाली उतरत नाही, म्हणून हे पाहायचं असतं. हवा ओढल्याचा आवाज नाही, गाडीतही फरक नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत घेतलं. धार नीट आली, तळाला पाण्याचा थेंब नाही. (गरम सायलेन्सरवर सांडू देऊ नका, आणि तो स्क्रू घट्ट करून पेट्रोलचा वास गेल्याशिवाय पुढची ठिणगीची तपासणी करू नका.) पेट्रोलचा विषय तिथेच संपला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट. जुनी गाडी असेल तर साइड कव्हरच्या आत एक जादा प्लग आणि एक स्वस्तातला मल्टिमीटर कायम ठेवा. प्लग शंभराच्या आसपास, मीटर मी अडीचशेला घेतला. या दोन वस्तूंनी जे सांगितलं ते गॅरेजच्या सगळ्या बिलांनी मिळून सांगितलं नाही.

बंद पडली की इंजिनचा प्लग काढायला जायचं नाही. तो तापलेला असतो, बोटं भाजतात, आणि गरम ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे जायची भीती असते. फक्त त्याची टोपी काढायची, जादा प्लग टोपीत बसवायचा, त्याची धातूची बाजू इंजिनच्या पात्यांना टेकवायची, हाताने सावली धरायची आणि किक मारायची. घाटात केलं तेव्हा ठिणगी शून्य. गाडी गार झाल्यावर तिथेच पुन्हा केलं तर निळी, कडक ठिणगी. म्हणजे आजार करंटचा, आणि तोही उष्णतेने येणारा. कार्ब्युरेटरचा एक रुपयाही द्यायची गरज नव्हती.

करंटमध्ये नक्की कुठे, हे शोधायला थोडी वायरिंगची ओळख लागते. या जुन्या गाड्यांत सीडीआयला बॅटरी लागत नाही. मॅग्नेट म्हणजे इंजिनसोबत फिरणारं चुंबकाचं चाक. त्याच्या आतली एक कॉइल सीडीआयला करंट भरते, आणि मॅग्नेटच्या कडेला बसलेली छोटी पल्सर कॉइल (काही जण पिकअप कॉइल म्हणतात) 'आता सोड' असा इशारा देते. तो इशारा आला नाही तर बाकी सगळं धडधाकट असूनही ठिणगी पडत नाही. हॉर्न वाजतो, इंडिकेटर लागतात, म्हणून माणूस फसतो.

पुढच्या वेळी बंद पडल्यावर आधी चावीकडून सीडीआयला येणारी काळी-पांढरी वायर सोडवून पाहिली. स्विच आतून शॉर्ट झाला असेल तर ती काढल्यावर ठिणगी परत येते. आली नाही. मग मॅग्नेटकडून वर येणारा कनेक्टर सोडून मीटर लावला. काळी-लाल, म्हणजे करंट भरणारी कॉइल, रीडिंग देत होती. निळी-पिवळी, म्हणजे पल्सर, काहीच देत नव्हती. मीटरवर डावीकडे नुसता १, म्हणजे आत कुठेतरी तार तुटलेली. थांबलो, आणि इंजिन निवत गेलं तसे आकडे आपोआप परत आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाडीने स्वतःहून खरं सांगितलं असं वाटलं.

जुनी पल्सर काढल्यावर घरी तिला मीटर लावून मुलीचा केस वाळवायचा ड्रायर तिच्यावर धरला. सुरुवातीला सव्वाशे ओहमच्या आसपास, मग आकडा हळूहळू चढत गेला आणि एकदम गायब, पुन्हा तो १. ड्रायर बंद केला, थोड्या वेळाने आकडा परत. आतली तांब्याची तार केसासारखी बारीक असते. ती कुठेतरी तडकलेली, गार असताना टोकं एकमेकांना टेकतात आणि तापून फुगली की सुटतात. चढावर इंजिन जास्त तापतं आणि वेग कमी असल्याने वारा लागत नाही, म्हणून घाटात. उतारावर वारा भरपूर, म्हणून नाही.

नवी पल्सर टाकल्यावर एप्रिल-मे सगळा बिनतक्रार गेला. भर दुपारच्या उन्हात घाट चढलो, एकदाही थांबलो नाही. हा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर इथे संपला असता.

पण जूनअखेर पाचगणीचा पाऊस आणि धुकं सुरू झालं आणि गाडी पुन्हा अडखळायला लागली. इथे मात्र मी पल्सरला हात लावला नाही, कारण लक्षण वेगळं होतं. आता ती मिसिंग करत होती, पूर्ण मरत नव्हती, आणि उन्हाऐवजी ओलीत करत होती. रात्री अंगणातला दिवा मालवून गाडी चालू ठेवली आणि प्लगच्या टोपीवर पाण्याचा हलका फवारा मारला. टोपीच्या तडकलेल्या रबरातून हेडकडे बारीक निळ्या ठिणग्या पळताना डोळ्यांनी दिसल्या. हात लावू नका, झटका जोरदार बसतो. टोपी नवी घेतली, जाड वायरचं काळवंडलेलं टोक अर्धा सेंटिमीटर कापून टोपी त्यात नीट फिरवून बसवली. दिवाळीपर्यंत पुन्हा आवाज नाही.

गॅरेजवाल्याबद्दल माझं मत मध्यंतरी थोडं मवाळ झालं. त्याच्याकडे गाडी नेहमी निवलेली पोहोचायची, आजार त्याच्यासमोर कधी आलाच नाही. वाईतून घाट चढून ती बंद पाडायला दिवसाची मजुरी कोण घालवणार? हे समजतं. पण मग 'मला दोष दिसला नाही' असं म्हणावं आणि पैसे घेऊ नयेत. न दिसलेल्या दोषावर एकामागून एक भाग बदलत जायचं आणि प्रत्येकाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे, हे मला पटत नाही. त्याच्याकडे आता जात नाही.

गाडी विकणार का, हे घरचेही विचारतात. नाही. आरसीचं नूतनीकरण २०२० ला झालं आणि २०२५ ला पुन्हा करून घेतलं, आता पाच वर्षं बघायला नको. चालत्या गाडीसाठी नव्या गाडीचा हप्ता अंगावर घेण्याचं कारण मला दिसत नाही.

पल्सर घ्यायला जाणाऱ्यांसाठी. दुकानदार बहुतेक वेळा पूर्ण कॉइल प्लेटच (सगळ्या कॉइल एकत्र बसवलेली) पुढे करतो, सुटी मिळत नाही म्हणतो. मलाही वाईत तेच ऐकावं लागलं, साताऱ्यात दुसऱ्या दुकानात सुटी मिळाली आणि ती प्लेटच्या तुलनेत फारच स्वस्त पडली. जुनी सोबत न्या, वायरचे रंग आणि कनेक्टर जुळवून घ्या. खोलण्याआधी वायर कुठून कशी जाते याचा मोबाइलवर फोटो काढा, कारण ती पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या अगदी जवळून जाते. क्लिपमध्ये नीट अडकवली नाही तर चेन ती घासून तोडते, आणि मग नव्या कॉइलचे पैसेही वाया.