नावेतली दुसरी बॅटरी: पाण्याची की लिथियम?

इंजिन चालू करायला कोणती बॅटरी, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे. पाण्याचीच, म्हणजे शिसं-ॲसिडवाली. डिझेलचा स्टार्टर एका झटक्यात दीड-दोनशे अँपिअर ओढतो, आणि बऱ्याचशा साध्या लिथियम बॅटऱ्यांचं बीएमएस, म्हणजे आतलं राखणदार सर्किट, तेवढ्यात हात वर करतं. पाण्याची बसलीच, तर माझं इंजिन हँडल मारूनही लागतं. पेच आहे दुसऱ्या बॅटरीचा. रात्री जाळं टाकून इंजिन बंद केलं की दिवे, मोबाईल आणि तळाचं पाणी उपसणारा पंप तिच्यावर चालतो.

माझी नाव गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात, आंभोऱ्याच्या बाजूला असते. चार वर्षं ही दुसरी बॅटरीही 100 अँपिअर-तासांची, पाण्याचीच होती. ती निम्म्याच्या खाली उतरवली की आयुष्य घटतं, लिथियमची 80 टक्के बिनघोर वापरता येते, हे दुकानदारही सांगतो. तो उन्हाळ्याचं सांगत नाही.

मार्चनंतर पाणी मागे सरकतं. नाव पाण्यासोबत जाते, घर जागेवर राहतं, मधे गुडघाभर गाळ. इंजिन दिवसाला जेमतेम अर्धा तास चालतं, तेवढ्यात काही भरत नाही. अर्धवट भरलेली पडू दिली तर प्लेटींवर सल्फेट बसतं, म्हणून दर दोन दिवसांनी तिला घरी न्यायची. तीस किलोचं धूड. बांबूला दोरानं टांगून मी आणि भाचा निघायचो, तो पुढे, मी मागे. एकदा त्याचा पाय रुतला, बॅटरी कलली आणि ॲसिड माझ्या दुपट्ट्यावर सांडलं. तेव्हा नुसता ओला डाग दिसला. धुतल्यावर दुपट्ट्याची चाळण झालेली. ‘मामाजी, हे बॅटरी हाये का गोटा?’ भाच्यानं विचारलं. त्याच आठवड्यात लिथियम आयर्न फॉस्फेटची आणली.

बारा किलोंच्या आसपास भरते, पिशवीत घालून एकटा नेतो. अर्धवट राहिली तरी तिचं बिघडत नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना तारा काढून कपाटात ठेवली होती, पोळ्याला काढली तशीच लावली.

पैसे मात्र जवळजवळ तिप्पट गेले. शिवाय ती अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, थेट जोडू नये. मिळेल तेवढा करंट ओढून त्याला तापवते, आणि बीएमएसनं मधेच तोडलं तर अल्टरनेटरमधले डायोड उडू शकतात. मधे करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर बसवावा लागला. बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांना 45 अंशांच्या वर चार्जिंग चालत नाही, आणि आपला मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. मी सावलीत, रात्रीच भरतो. पाण्याची जुनी बॅटरी भंगारवाला शिशाच्या भावानं उचलतो, लिथियमला आमच्या गावात अजून कोणी विचारत नाही.

तुमची नाव बारा महिने घाटाला लागत असेल आणि काठावर वीज असेल, तर पाण्याचीच घ्या, उगाच खर्चात पडू नका. माझ्यासारखा गाळ तुडवायचा असेल तर मात्र एकदा विचार करा. आमच्या बांबूवर आता जाळं वाळतं.