बर्डीवरचा इंग्रजी लिसनिंगचा क्लास: धडे उत्तम, आवाजाची सोय कच्ची

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी) बारावीनंतरच्या मुलांसाठी इंग्रजी लिसनिंगची छोटी बॅच चालते. सगळे धडे इतिहासातल्या न सुटलेल्या कोड्यांवर. हे अगदी योग्य आहे. शेवट कुणालाच ठाऊक नसला की उत्तर अंदाजाने ठोकता येत नाही, कान लावावाच लागतो.

सर्वात सरस धडा ‘मेरी सेलेस्ट’चा. 7 नोव्हेंबर 1872 ला न्यूयॉर्कहून जिनोआकडे निघालेलं हे जहाज डिसेंबरच्या सुरुवातीला अझोर्स आणि पोर्तुगालच्या दरम्यान सापडलं. अल्कोहोलची पिंपं जागेवर, दहाही माणसं आणि होडी गायब. तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग तीनदा लावतात: आधी पेन खाली ठेवून नुसता प्रसंग, मग तारखा-आकडे, शेवटी वाक्यावाक्याला थांबवून लेखन.

मुलं हमखास अडकतात ती 1701 पिंपांवर. ‘सेव्हन्टीन हंड्रेड अँड वन’ कानावर पडतं आणि वहीत सत्तर उतरतं. ‘टीन’वर जोर असतो हा नियम इथे कामाचा नाही, पुढे ‘हंड्रेड’ आलं की जोर ‘से’वर सरकतो. पकडायचा असतो शेवटचा ‘न’. शिक्षिका तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवतात, हे फार मोलाचं आहे.

मग तर्काचा भाग. ‘मस्ट हॅव लेफ्ट’ बोलण्यात ‘मस्टव लेफ्ट’ होतं, आणि ‘कुडन्ट हॅव’मधला ‘न्ट’ निसटला की अर्थच उलटतो. न सुटलेल्या प्रकरणात असे अंदाज प्रत्येक वाक्यात येतात, त्यामुळे सराव वेगळा रेटावा लागत नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पहिल्या ऐकण्यानंतर लगेच छापील मजकूर हातात देतात. त्यानंतर मुलं वाचतात, ऐकत नाहीत. तो कागद तिसऱ्या फेरीनंतरच द्यायला हवा. रेकॉर्डिंगमध्ये जहाजावर गरम चहा सापडल्याचंही सांगितलंय. ती नंतर रचलेली दंतकथा आहे, ती काढून टाकावी. यूट्यूबवर पाहिलेल्या प्रकरणांत मुलं न ऐकताच उत्तरं देतात, म्हणून 1900 मध्ये स्कॉटलंडजवळच्या फ्लॅनन बेटांवरच्या दीपगृहातून बेपत्ता झालेल्या तीन रखवालदारांसारखे कमी परिचित धडे वाढवावेत.

मोठी अडचण खोलीची. एकच ब्लूटूथ स्पीकर, तोही फळ्यापाशी, आणि एप्रिल-मेमध्ये डोक्याशी घरघरणारा कूलर. ‘स’, ‘फ’, ‘थ’ हे आवाज मुळातच बारीक. कूलरच्या सूं-सूंमध्ये तेच आधी बुडतात आणि मूल समजतं की आपलंच इंग्रजी कच्चं. रेकॉर्डिंग चालू असताना तीन मिनिटं कूलर बंद ठेवला आणि स्पीकर खोलीच्या मध्यावर आणला, तरी बराच फरक पडेल.

नाव नोंदवण्याआधी एक तास बसू देतात. तेव्हा मागच्या बाकावर बसा आणि फक्त आकडे टिपा. ते नीट उतरले तर फी भरा.