दोन तारे मागे घेते : रीकॉम्बिनंट ह्यूमन आयएल-२ची व्हायल

मागे या व्हायलला मी पाचपैकी दोन तारे दिले होते. वर एक टोमणाही मारला होता, की आत प्रोटीन आहे की नुसती आशा. तो टोमणा आज गिळते. तारे किती वाढवायचे ते शेवटी बघू.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारीतला निम्मा वाटा माझाच निघाला, आणि उरलेला निम्मा या धंद्यातल्या बऱ्याच जणांच्या माथी मारता येईल असा आहे.

माल असा : रीकॉम्बिनंट ह्यूमन इंटरल्युकिन-२ (आयएल-२), म्हणजे टी सेल्सना वाढवणारं माणसाचं प्रोटीन, ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं, कॅरिअर-फ्री (सोबत दुसरं प्रोटीन न मिसळलेलं), फ्रीझ-ड्राय केलेलं, ५० मायक्रोग्रॅम. आम्ही रक्तातून वेगळ्या काढलेल्या टी सेल्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, दोन-तीन आठवडे वाढवतो. आयएल-२ नसेल तर या सेल्स थोड्या दिवसांत मान टाकतात. म्हणजे आमच्याकडे ही व्हायल संपली की काम थांबलं.

पहिली गोष्ट, व्हायल रिकामी दिसते. आमच्याकडच्या ज्युनिअरनं ती उजेडात धरून मला हाक मारली होती, "ताई, यात काहीच नाहीये. परत पाठवायची का?" ५० मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग. तो काचेला पातळ पापुद्र्यासारखा चिकटतो किंवा झाकणाच्या रबरात जाऊन बसतो. उघडण्याआधी एक छोटा स्पिन मारायचा, मगच झाकणाला हात लावायचा. ही सूचना डेटाशीटवर आहे, पण दुसऱ्या पानावर, तळाला.

आता माझी चूक. पहिली व्हायल मी पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या पाण्यात, विरघळवली. का? कारण सगळी प्रोटीनं मी पीबीएसमध्येच विरघळवत आले होते आणि हात आपोआप त्याच बाटलीकडे गेला. पाणी स्वच्छ दिसलं, गाळ नाही, गढूळपणा नाही. ॲलिकोट, म्हणजे छोटे छोटे वाटे, केले, फ्रीझरमध्ये ठेवले. पुढचे तीन आठवडे सेल्स अशा वाढत होत्या जणू माझ्यावर उपकार करताहेत. डोस दुप्पट केला, तेव्हा कुठे थोडी हालचाल. मग मी ते दोन तारे लिहिले.

आयएल-२ हे मुळातच पाण्याशी फटकून वागणारं प्रोटीन आहे. १३३ अमिनो ॲसिडं, वजन साधारण साडेपंधरा किलोडाल्टन. माणसाच्या टी सेलमधून बाहेर पडणाऱ्या आयएल-२वर तिसऱ्या जागेच्या थ्रिओनीनवर साखरेची साखळी असू शकते. ई. कोलायला ती चढवता येत नाही. तिच्यावाचूनही प्रोटीन काम चोख करतं. पण ज्या पीएचला त्याच्यावरचा एकूण विद्युतभार शून्याजवळ येतो, तो पीबीएसच्या पीएचपासून फार लांब नाही. भार नसला की रेणू एकमेकांना ढकलत नाहीत, गोळा होतात, आणि प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतात. डोळ्यांना काही दिसत नाही. ट्यूबमध्ये पाणी असतं आणि प्रोटीन भिंतीवर.

डेटाशीट सांगते : १०० मिलिमोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवा, सोबत किमान ०.१ टक्का अल्ब्युमिन घाला. दुसऱ्या व्हायलला ते केलं. ५०० मायक्रोलिटर ॲसिड घातलं, न ढवळता, हलक्या हातानं फिरवत पंधरा मिनिटं ठेवलं. व्होर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र) नको, फेस आला की प्रोटीन गेलं. मग २०-२० मायक्रोलिटरचे ॲलिकोट. हिशेबानं पंचवीस व्हायला हवेत, माझे चोवीस होतात. पंचविसावा कुठे जातो हे पिपेटलाच माहीत.

ॲसिडमुळे सेल्स मरतील ही भीती मलाही वाटली होती. पण आमच्या नेहमीच्या डोसला हा साठा मीडियात, म्हणजे सेल्स ज्यात वाढतात त्या द्रवात, दहा हजार पट पातळ होतो. तेवढ्यानं पीएच हलत नाही. तरी एका वेलमध्ये नुसतं तेवढंच ॲसिड घालून कंट्रोल ठेवावा. मात्र पातळ करायची मालिका मीडियातच करा. आमच्या ज्युनिअरनं ती ॲसिडमध्येच केली, आणि सेल्सच्या १०० मायक्रोलिटरवर त्याचे १०० मायक्रोलिटर ओतले. प्लेट डोळ्यांदेखत गुलाबीची पिवळीधमक झाली. बिचारी प्लेटकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. तिला बोलायची माझी पात्रताच नव्हती. पीबीएसवाली मीच ना.

फरक किती पडला हे मोजायला सीटीएलएल-२ लावल्या. उंदराची ही टी सेल लाइन आयएल-२शिवाय जगत नाही, आणि माणसाचं आयएल-२ तिला चालतं. त्यामुळे कोणतीही बॅच तपासायची तर तिच्याकडेच जावं लागतं. सेल्स तीनदा धुवायच्या, काही तास उपाशी ठेवायच्या, मग वाढत्या डोसची रांग, दोन दिवस इनक्यूबेटरमध्ये, आणि शेवटी रेझाझुरिन, म्हणजे जिवंत सेल्समुळे रंग बदलणारं रसायन, घालून रीडिंग. या सेल्सचा एक दुर्गुण सांगून ठेवते : त्या सुट्ट्या मानत नाहीत. शुक्रवारी मीडिया बदलायला विसरलात तर सोमवारी फ्लास्कमध्ये तरंगता कचरा मिळतो.

ॲसिडमधला साठा डेटाशीटच्या दाव्याच्या आत बसला. फ्रीझरमध्ये उरलेला पीबीएसवाला एक ॲलिकोट शेजारच्या रांगेत लावला होता. त्याला तेवढीच वाढ करून घ्यायला कितीतरी पट जास्त लागला. माल तोच, लॉटही तोच. वाईट रिव्ह्यू मी माझ्याच पिपेटला दिला होता.

इथवर माझी कबुली. आता कंपनीचा वाटा.

लेबलवर वजन मोठ्या अक्षरात असतं. ते वजन मला काय करायचंय? मी सेल्सना मायक्रोग्रॅम देत नाही, युनिट देते. आमच्या जुन्या वहीत प्रोटोकॉल लिहिलाय : ‘१०० युनिट प्रति मिलिलिटर’. कोणते युनिट, ते लिहिणाऱ्यालाच माहीत असावं. डेटाशीट म्हणते ईडी-५० हा ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी, म्हणजे निम्मा परिणाम तेवढ्यात होतो. दहा लाखांना त्या आकड्यानं भागलं की मिलिग्रॅममागे युनिट मिळतात : किमान एक कोटी. हे झाले त्या कंपनीच्या प्लेटवरचे युनिट, त्यांच्या सेल्स, त्यांचा सीरम, त्यांचा दिवस. आंतरराष्ट्रीय युनिट वेगळं, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाण नमुन्याशी ताडून ठरतं. औषध म्हणून मिळणाऱ्या आयएल-२च्या, म्हणजे अल्डेसल्युकिनच्या, बाबतीत १.१ मिलिग्रॅम म्हणजे १ कोटी ८० लाख आंतरराष्ट्रीय युनिट. त्या हिशेबानं १०० युनिटला सुमारे ६ नॅनोग्रॅम लागतात. माझ्या डेटाशीटच्या हिशेबानं १०. वहीतलं वाक्य एकच, आणि मीडियात पडणारं प्रोटीन दीडपटीहून जास्त.

दीडपटीनं काय बिघडतं, असं आमच्याकडेच एकानं विचारलं. टी सेल्स नुसत्या वाढवायच्या असतील तर फारसं नाही. पण आयएल-२चा पूर्ण रिसेप्टर, म्हणजे सेलवरचा त्याला पकडणारा रेणू, तीन साखळ्यांचा असतो. तिन्ही असल्या तर तो साधारण १० पिकोमोलरला पकडतो. साडेपंधरा किलोडाल्टनच्या प्रोटीनला हे म्हणजे मिलिलिटरमागे जेमतेम ०.१५ नॅनोग्रॅम. अल्फा साखळी, म्हणजे सीडी-२५, नसेल तर त्याच्या शंभरेक पट लागतं. रेग्युलेटरी टी सेल्सवर (बाकीच्या सेल्सना आवरणाऱ्या) सीडी-२५ भरपूर, बहुतेक एनके सेल्सवर (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या) जवळपास नाही. कमी डोसला पंगतीत पहिलं पान रेग्युलेटरीला मिळतं. डोस चढत गेला की बाकीचे बसतात. तुम्ही मिश्र सेल्स वाढवत असाल तर डोसचा घोळ म्हणजे कोणत्या सेल्स उरणार याचाच घोळ. म्हणून म्हणते, लेबलवर त्या लॉटचं प्रत्यक्ष मोजलेलं युनिट हवं. ‘किमान एक कोटी’ नको. किमान म्हणजे एक कोटीही आणि दोन कोटीही.

मी ईमेल करून या लॉटचा आकडा मागितला. चार दिवसांनी उत्तर आलं, नम्र होतं, सोबत तीच डेटाशीट जोडलेली. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा मात्र कुणीतरी समजदार माणूस भेटला आणि ईडी-५०चा पूर्ण आलेखच पाठवला. तो आलेख व्हायलसोबत का देत नाहीत, देव जाणे.

शुद्धतेबद्दल तक्रार नाही. जेल चालवलं, म्हणजे प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळं करून पाहिलं. रिड्यूस केलेल्या, म्हणजे सिस्टीनमधले बंध तोडलेल्या, लेनमध्ये पंधरा किलोडाल्टनच्या आसपास एकच पट्टा. रिड्यूस न केलेल्या लेनमध्ये तिशीजवळ एक फिकट सावली दिसली. ती का, तर आयएल-२मध्ये सिस्टीन नावाची अमिनो ॲसिडं तीन असतात. ५८ आणि १०५ एकमेकांशी बांधलेले, १२५वा मोकळा. हा मोकळा सिस्टीन दुसऱ्या रेणूचा हात धरतो आणि जोडी बनते. अल्डेसल्युकिनमध्ये म्हणूनच १२५व्या जागी सेरीन घातलंय. या व्हायलमध्ये सिस्टीन जसाच्या तसा आहे. वाईट नाही, पण सेरीनवाल्या व्हायलवरून या व्हायलवर आलात तर एकदा शेजारी शेजारी लावून बघा.

ई. कोलायचा माल म्हटला की एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूच्या आवरणातल्या एलपीएस या विषाची, शंका येतेच. दावा आहे मायक्रोग्रॅममागे ०.१ एंडोटॉक्सिन युनिटपेक्षा कमी. आम्ही आमच्या पद्धतीनं पाहिलं : मोनोसाइट्सवर (रक्तातल्या आणखी एका पांढऱ्या पेशी) एका रांगेत नुसतं आयएल-२, दुसऱ्या रांगेत सोबत पॉलिमिक्सिन बी, जे एलपीएसला धरून ठेवतं. दोन्हीकडे टीएनएफ (दाहाचा संकेत देणारं प्रोटीन) सारखंच, म्हणजे नगण्य. या बाबतीत पूर्ण गुण. आधीच्या एका कंपनीच्या व्हायलनं याच परीक्षेत असा गोंधळ घातला होता, की दोन महिने आम्ही एलपीएसचा परिणाम आयएल-२च्या नावावर लिहीत होतो.

साठवणीचं थोडक्यात : पावडर उणे २०ला वर्षभर, विरघळवलेली उणे ८०ला तीन महिने, एकदा वितळवलेला ॲलिकोट परत गोठवायचा नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर टाळा, बर्फ जमू नये म्हणून तो मधूनमधून स्वतःला गरम करतो आणि तुमचे ॲलिकोटही. पार्सलमधले बर्फाचे पॅक वितळून आले होते. घाबरू नका, कोरडी पावडर तेवढं सहन करते. लेबलचा डिंक मात्र सहन करत नाही. उणे ८०ला महिनाभरात लेबल सुटून डब्याच्या तळाशी पडतं. मार्करनं काचेवर लिहून ठेवा.

एकदा नात्यातल्या एकांनी विचारलं होतं, "हेच कॅन्सरवर देतात ना? मग तुमच्याकडूनच नाही का मिळणार?" हो, १९९२मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी आयएल-२ला मंजुरी मिळाली. पण ते रुग्णालयात, डोळ्यात तेल घालून द्यायचं औषध, आणि ही व्हायल फक्त संशोधनासाठी. लेबलवरची ती ओळ नावापुरती नाही. औषधाला लागते तशी तपासणी या मालाची झालेलीच नसते.

कुरकुर करताना मला एक गोष्ट अधूनमधून आठवते. १९७६मध्ये मॉर्गन, रुसेटी आणि गॅलो यांनी हे काहीतरी पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा त्याचं नाव ‘टी सेल ग्रोथ फॅक्टर’ होतं आणि ते मिळायचं चेतवलेल्या पेशींच्या वापरलेल्या मीडियातून. आत आणखी काय काय असेल त्याचा पत्ता नाही. १९८३मध्ये तानिगुची यांच्या गटानं जुर्कट या माणसाच्या टी सेल लाइनमधून त्याचा जीन क्लोन केला. आमच्या एका ज्येष्ठ सरांनी ते वापरलेल्या मीडियाचे दिवस काढलेत. प्रत्येक बाटलीचा गुण वेगळा, त्यामुळे नवी बाटली आली की आधी तिची परीक्षा. मी ईडी-५०चं रडगाणं लावलं की ते चष्म्यावरून बघतात, काही बोलत नाहीत.

तर तारे. प्रोटीनला पाच. डेटाशीटला तीन, कारण विरघळवण्याची सूचना पहिल्या पानावर ठळक असती तर माझे तीन आठवडे वाचले असते. लेबलला एक, तोही डिंक खोलीच्या तापमानाला चिकटतो म्हणून. सगळं मिळून चार देते. नवा लॉट परवाच आलाय. जुन्या लॉटचे तीन ॲलिकोट मी मुद्दाम राखून ठेवलेत, सोमवारी दोन्ही एकाच प्लेटवर लावणार आहे. ॲसिडची बाटली ज्युनिअरनं आधीच हूडजवळ आणून ठेवलीय आणि पीबीएसची उचलून वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशी.