झेंडूची रोपं एक नंबर, हिशोब मात्र आपला आपण ठेवा

मागच्या वर्षी म्हणजे २०२५ ले तालुक्याच्या रोडवर जी नर्सरी आहे तिथून झेंडूची रोपं आणली होती. नाव मुद्दाम लिहत नाही, काहून की पुन्हा तिथेच जायचं आहे. बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून लिहून टाकते.

घरामागे दीडेक गुंठ्याची सांदवाडी आहे, तिथे आतापर्यंत वांगी, चवळी आन सांभार (कोथिंबीर) एवढंच, घरचं भागून उरलं तर शेजारी वाटायचं. म्हटलं यावेळी दसरा-दिवाळीले चार पैसे करून पाहू.

रोपाले नाव ठेवायले जागा नाही. ट्रेतून एक ओढून पाह्यलं तर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गड्डा अख्खा बाहेर, मुळ्या पांढऱ्या, खोड जाडसर. तुम्हीपण घेताना असं ओढून पाहाच, लांबट पिवळी रोपं लावली की मान टाकतात. ३ रुपयाले एक पडलं. ६ ट्रे घेतले, ६०० चे १८०० दिले. घरी लावता लावता सासूबाईनं मोजले तर एका ट्रेले ९८ भोकं, म्हणजे झाले ५८८! फोन केला तर म्हणे ताई, ट्रे म्हणजे शंभरच धरतात. कोण धरते बावा? ३६ रुपयांचाच प्रश्न आहे पण डोक्यात बसला तो बसलाच.

खरी फजिती झाली ती तारखेची. लावली १० ऑगस्टले, दसरा होता २ ऑक्टोबरले, म्हणजे हातात ५३ दिवस. नर्सरीवाला म्हणे ४५ दिवसात फूल सुरू होते, टेन्शन नका घेऊ. आन त्यानंच सांगतलं की महिनाभरानं शेंडे खुडा म्हणजे फांद्या फुटतात, फुलं जास्त येतात. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण एकाच झाडावर दोन्ही नाही होत हे मले नंतर कळलं. शेंडा खुडला की झाड फांद्या काढत बसते आन कळी मागे जाते. शेवटच्या चार ओळी मी कंटाळा आला म्हणून खुडल्याच नव्हत्या, तर दसऱ्याले फुलं आली ती त्याच ओळीले! १४ किलो निघाली, गावच्या चौकात ८० नं हातोहात गेली, लोकायले ट्रॅक्टरले हार पाह्यजेच असते.

बाकी सगळं दिवाळीले फुललं, ११० किलो. त्यातले ७० किलो स्वतः बसून ६० नं विकले, ४० किलो अमरावतीले पाठवले तर व्यापाऱ्यानं ३० नं घेतले. रोपं, ऑटो सगळं जाऊन चारेक हजार हाती राह्यले. दिवसभर चौकात बसायची लाज वाटत असेल तर या धंद्यात पडू नका, पैसा तिथेच आहे.

आणखी एक, त्यानं ३५० ची टॉनिकची बाटली गळ्यात मारली, तिचा फरक काहीच दिसला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पानायवर लाल कोळी ही बारीक कीड आली तेव्हा निंबोळी अर्कच कामी आला, अर्धा किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवायचा, फडक्यानं गाळून १० लिटर पाणी करायचं आन पानाच्या खालून मारायचं. खालच्या बाजूची चाळीसेक झाडं पाणी साचून सडली, पण तो दोष माझा, काळ्या मातीत वरंबे न करता लावली होती.

तर नर्सरीले ५ पैकी साडेतीन. यंदा अधिक महिन्यामुळे दसरा २० ऑक्टोबरले आन लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरले आहे, म्हणून १५ ऑगस्टच्या आसपास लावायचा बेत आहे, अर्धी झाडं खुडायची, अर्धी तशीच ठेवायची. रोप तयार व्हायले महिनाभर लागते, त्यामुळे बुकिंग जुलैतच करते. आन ट्रेची भोकं यावेळी त्याच्यासमोरच मोजणार.